डाव्या बाजूची सूज

नवागाम, सुरत
१० सप्टेंबर २०२३

जयश्री,

तू मोबाईल उशीखाली ठेवून गेलीस. तुझ्या आप्पांच्या फोनवर लावतो तर माझा आवाज ऐकून ते ठेवून देतात. मी त्यांच्या जागी असतो तर मीही ठेवला असता. म्हणून लिहायला बसलोय. इथल्या मराठी शाळेतून बाहेर पडल्यावर एवढं कधी लिहिलं नाही. लूमच्या खात्यात सगळं हिंदी नाहीतर गुजराती. काना-मात्रा चुकतील, समजून घे.

आई दिवसातून चारदा विचारते, सून पाचव्या महिन्यातच माहेरी का गेली. मी सांगतो, तिला इथं उकडत होतं. खरं काय झालं ते मी तिला सांगितलेलं नाही. सांगायला तोंडच नाही.

सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाई तुला आणि मला दोघांना पडद्यावर दाखवत होत्या. बाळाच्या डाव्या किडनीत पाणी साठून सूज आलीय, उजवी चांगली आहे, अशा बऱ्याच बाळांची सूज आपोआप उतरते, लक्ष ठेवायचं आणि जन्मल्यावर परत बघायचं, असं सगळं त्या बोलल्या. हे मला आता आठवतंय. तेव्हा मला फक्त 'किडनी' ऐकू आलं. तू लग्न होऊन आलीस तेव्हा माझे वडील गेले होते, तू काही पाहिलेलं नाहीस. दोन वर्षं आठवड्यातून दोनदा मी त्यांना रिक्षात घालून डायलिसिसला नेत होतो. शेवटी शेवटी त्यांच्या हाताला सुई टोचायला जागा उरली नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर तो हात आला, पण एवढासा, बाळाचा.

आणि मी बोलून गेलो, "मग हे ठेवायचंच कशाला?"

बाईंनी हातातलं यंत्र खाली ठेवलं. तू माझ्याकडे पाहिलंस ते मला रोज दिसतं.

पण ते एक वेळ तोंडातून गेलं म्हणता येईल. त्याच्यापुढचं मी शुद्धीत केलं. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेऊ म्हणून तुला रिक्षात बसवलं आणि कुठं नेतोय ते सांगितलं नाही. काउंटरवरच्या बाईने तुलाच विचारलं, "सफाई करवानी है ना?" तू उठलीस आणि चालायला लागलीस. मी मागे धावलो नाही. घरी आलो तेव्हा तू पिशवी भरून बसली होतीस.

मी माफ कर असं लिहिणार नाही. तेवढी लायकी नाही. तब्येत कशी आहे एवढं कळव.

ललित

—

पातोंडा, ता. अमळनेर
६ ऑक्टोबर २०२३

तुमचं पत्र मिळालं. माय म्हणाली, न वाचता चुलीत घाल. मी वाचलं.

माफी मागितली नाहीत ते बरं केलं. मागितली असती तर मला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं.

गावात बाया विचारतात, एवढ्या लवकर बाळंतपणाला आली का गं? मीही तेच सांगते, सुरतेत फार उकडतं. तुमचं खोटं आणि माझं खोटं एकच निघालं, हे तुमचं पत्र वाचल्यावर कळलं आणि मला स्वतःचीच लाज वाटली. मी काही केलेलं नसताना मान खाली घालून हातपंपावर जाते. एक बाई तर मायला म्हणाली, ग्रहणात काही चिरलं-बिरलं असेल पोरीने, म्हणून बाळाला सूज. मायने कुणाला तरी सांगितलं असणार. मी ग्रहणात काही चिरलं नव्हतं. तरी रात्रभर आठवत बसले.

अमळनेरला परत सोनोग्राफी केली. डावीकडची सूज तेवढीच आहे, वाढली नाही, उतरली नाही. बाळाभोवतीचं पाणी पुरेसं आहे. डॉक्टर म्हणाले, ते पाणी म्हणजे बाळाची लघवीच असते, ते पुरेसं आहे म्हणजे काम चालू आहे. मी आप्पांसमोर हे ऐकून खाली बघत होते. आप्पा मात्र घरी येताना दोनदा म्हणाले, "काम चालू शे, काम चालू शे."

तब्येत बरी आहे. तुम्ही तेवढंच विचारलं होतं.

जयश्री

—

नवागाम, सुरत
१९ नोव्हेंबर २०२३

जयश्री,

दिवाळीला खातं आठ दिवस बंद होतं. गल्लीतले सगळे गावाला गेले. लूमचा आवाज नसला की इथं झोप लागत नाही, एवढी कानाला सवय झालीय. आई म्हणाली, तू पण जा पातोंड्याला, फराळाचं घेऊन जा. मी पिशवी भरली. उधना स्टेशनवर भुसावळची गाडी लागली होती. मी तिकीट काढलं आणि परत आलो. आईला सांगितलं, गर्दी होती, चढता आलं नाही. डबा आम्ही दोघांनीच संपवला.

तू ये म्हटलंस तर येईन. बाळंतपणाच्या वेळी येऊ का? तू लिहिलंस की येतो. नाही लिहिलंस तर तेही कळेल.

हेमराजमामा, म्हणजे आमच्या खात्यातले, तू त्यांना पाहिलंयस, त्यांच्या पुतणीच्या मुलाला अशीच सूज होती. जन्मल्यावर सहा महिन्यांत उतरली. मुलगा आता शाळेत जातो. हे मी त्यांना तुला त्या काउंटरवर नेण्याआधी विचारायला पाहिजे होतं असं तू म्हणशील. बरोबर आहे.

ललित

—

पातोंडा
९ जानेवारी २०२४

मुलगा झाला. ३० डिसेंबरला सकाळी, अमळनेरला. आईंना आप्पांनी फोन केलाच होता, म्हणजे तुम्हाला माहीत आहे. तरी मी माझ्या हाताने लिहिते.

तुम्ही विचारलं होतं, येऊ का. मी उत्तर दिलं नाही. मला वाटलं होतं, ज्याला यायचं असतं तो विचारत नाही. दवाखान्याच्या खोलीचं दार वाजलं की माझी मान वर व्हायची. आई आल्या, एसटीने, डोक्यावर डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन. त्यांच्या मागे कुणी नव्हतं. मग मी दाराकडे पाठ करून झोपले.

बाळाबद्दल सांगते. जन्मल्यावर पहिल्या दिवशी त्याने लघवी केली, नर्स हसत सांगायला आली. लगेच सोनोग्राफी करत नाहीत, पहिले दोन दिवस बाळ दूध कमी पितं, तेव्हा सूज नसल्यासारखी दिसते आणि आपण फसतो, असं डॉक्टर म्हणाले. पाचव्या दिवशी केली. सूज आहे. डावीकडेच. पोटातल्यापेक्षा थोडी जास्त. रोज रात्री एक औषधाचे थेंब द्यायचे, लघवीत जंतू होऊ नयेत म्हणून. दीड महिन्याचा झाला की परत सोनोग्राफी. मध्ये ताप आला तर घरी थांबायचं नाही, लघवी तपासायची.

आणि धार बघायला सांगितलीय. मुलगा आहे म्हणून. धार सरळ, जोरात येते का थेंब थेंब. मी दिवसभर लंगोट उघडून बसते. एकदा माझ्या तोंडावर आली. मी एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा हसले. माय धावत आली, तिला वाटलं मी रडतेय.

रंग तुमच्यावर गेलाय. कान आप्पांसारखे.

जयश्री

—

नवागाम, सुरत
२१ जानेवारी २०२४

जयश्री,

पत्र वाचून आईलाही वाचून दाखवलं. धारेचं वाचताना ती पदर तोंडाला लावून हसली.

मला यायचंच होतं. शेठ रजा देत नाहीत. लग्नसराईचा माल आहे, दोन कारागीर गावी गेलेत ते आलेच नाहीत, मला बारा-बारा तास चार लूम सांभाळावे लागतात. जरा हलकं झालं की येतो.

थेंब रोज देतेस ना? चुकवू नकोस. ताप आला तर मला लगेच कळव. पार्सलने स्वेटर पाठवलाय, मोठा होईल, पण पुढच्या वर्षी येईल.

ललित

—

पातोंडा
२५ फेब्रुवारी २०२४

तुमचा स्वेटर मिळाला.

बारसं झालं. आप्पांनी हेमराज नाव ठेवलं. तुमच्या खात्यातल्या मामांचं तेच नाव आहे हे मला माहीत होतं, मी काही बोलले नाही.

बाळ बरं आहे. सगळं बरं आहे. तुमच्या शेठला सवड नसेल तर राहू द्या.

जयश्री

—

नवागाम, सुरत
१४ मार्च २०२४

जयश्री,

तुमच्या गावचा लक्ष्मण, जो कडोदऱ्याला कामाला आहे, तो गावाहून परत आला. आईला द्यायला तुमच्याकडची दादर ज्वारी घेऊन आला होता. बोलता बोलता म्हणाला, पोरगं आता बरं आहे ना, पाच दिवस दवाखान्यात होतं. मी म्हटलं, हो, बरं आहे. त्याला कळू दिलं नाही की मला माहीतच नव्हतं.

तू 'सगळं बरं आहे' लिहिलंस तेव्हा तो दवाखान्यातून नुकताच घरी आला होता, हे मी आता तारखा जुळवून बघितलं. मला राग आला. खूप आला. मग तो गेला, कारण मला राग करायचा काय हक्क आहे?

मीही खोटं लिहिलं होतं. शेठने रजा नाकारली नव्हती. खात्यात पेढे वाटले तेव्हा शेठ स्वतः म्हणाले, "दीकरो थयो ने तू अहीं शुं करे छे?" मुलगा झाला आणि तू इथं काय करतोस, सगळ्यांसमोर विचारलं. मी म्हटलं, जातो उद्या. आणि गेलो नाही.

फेब्रुवारीत मात्र गेलो. दीड महिन्याची सोनोग्राफी कोणत्या दिवशी ते आईने आप्पांकडून विचारून घेतलं होतं. मी सकाळच्या गाडीने अमळनेरला उतरलो. दवाखान्यासमोर उसाच्या रसाचं दुकान आहे, तिथं उभा राहिलो. तुम्ही रिक्षातून उतरलात. आप्पांच्या खांद्यावर तो होता, पांढरं टोपडं घातलेला, मान हलत होती. आप्पांनी उन्हासाठी त्याच्यावर उपरणं धरलं. तू मागे चालत होतीस, बारीक झालीयस. मी रस्ता ओलांडायला पाय उचलला आणि त्याने तोंड माझ्या बाजूला केलं. त्याला काही दिसत नसणार एवढ्या लांबचं, मला माहीत आहे. पण मला वाटलं, याला ठाऊक आहे. मी त्याला नको म्हटलं होतं हे याला ठाऊक आहे.

तुम्ही आत गेलात. मी रसवाल्याला विचारलं, स्टेशनला रिक्षा कुठून मिळेल.

जयश्री, तू मला हवं ते बोल. फक्त काय झालं होतं ते सांग.

ललित

—

पातोंडा
२४ मार्च २०२४

आज होळी आहे. सगळे बाहेर आहेत म्हणून लिहायला वेळ मिळाला.

तुम्ही रस्त्यापलीकडे उभे होतात हे वाचून मी पत्र घडी करून ठेवलं. दोन दिवस उघडलंच नाही. मी इकडे तुम्हाला बाळ नको आहे, आजारी मूल नको आहे, असं मनाशी पक्कं करून बसले होते. मायलाही तेच सांगितलं होतं. तुम्ही येऊन परत गेलात हे मला आधी कळलं असतं तर जास्त राग आला असता का कमी, ते मला अजून सांगता येत नाही.

आता माझं ऐका. माझ्या मनाला काय झालं हे मी मायलाही सांगितलेलं नाही.

थेंब मी बंद केले होते.

तो हसायला लागला होता. दूध पीत होता, अंग धरत होता. माय रोज म्हणायची, "पोऱ्या हासस, खेळस. त्याले काय व्हयेल शे? रोज दवाई पाजीसन त्याले आजारी करशी." शेजारच्या बाया आल्या की मला बाटली कपाटामागे लपवावी लागायची, नाहीतर कसलं औषध, कसलं औषध, असं सुरू व्हायचं. एक म्हणाली, पोरगं धडधाकट दिसतं, उद्या लग्नाच्या वेळी कुणी विचारलं तर? महिन्याचं पोर, आणि त्याच्या लग्नाचं बोलत होती. तरी मी शरमले. एका रात्री थेंब दिले नाहीत. दुसऱ्या रात्री विसरले असं स्वतःला सांगितलं. तिसऱ्या रात्रीपासून मला बाटली आठवायची आणि मी कूस बदलायचे. दीड महिन्याच्या सोनोग्राफीत सूज आणखी वाढलेली निघाली. डॉक्टरांनी विचारलं, थेंब चालू आहेत ना? मी हो म्हटलं. आप्पांसमोर हो म्हटलं.

चार दिवसांनी ताप आला. अंग भाजत होतं, दूध ओकत होता. माय म्हणाली, नजर लागली, मीठ-मोहरी उतरवू. मी आप्पांना उठवलं आणि त्यांनी ट्रॅक्टरवर बसवून आम्हाला अमळनेरला आणलं. लघवीत पू निघाला. हाताला सुई लावायला त्यांना शीर सापडेना. डोक्याचे केस थोडे काढून तिथं लावली. मी तिथं उभी होते आणि मला तुमचे वडील आठवले, ज्यांना मी कधी पाहिलं नाही.

तुम्हाला कळवलं नाही, कारण तुम्ही थेंब चुकवू नको असं लिहिलं होतं. तुम्हीच लिहिलं होतं. मला वाटलं, ज्याने नको म्हटलं त्याच्यासमोर मी काय तोंडाने सांगू की ज्याला मी वाचवायला घर सोडून आले त्याला मीच पाच दिवस सलाइनवर ठेवलं.

ताप गेला. थेंब परत सुरू आहेत, एकही दिवस चुकत नाही, आणि बाटली आता ओट्यावर उघडी असते. डॉक्टरांनी नाशिकला पाठवलं. तिथं सुईतून औषध देऊन, मोठ्या मशीनखाली झोपवून, कोणती किडनी किती काम करते ते मोजतात. डावीचं काम कमी झालंय. किडनीतून लघवी खाली येते त्या नळीचं तोंड चिंचोळं आहे, म्हणून पाणी तुंबतं. तेवढा तुकडा कापून नळी परत जोडायची. आता केलं तर किडनी वाचते, असं ते स्पष्ट बोलले. त्यांनी विचारलं, नाशिकला करायचं की सुरतेला. दोन्हीकडे लहान मुलांचे सर्जन आहेत.

मी सुरत म्हटलं.

तुमच्यासाठी म्हटलं असं समजू नका. सुरतेला घर आहे, ऑपरेशननंतर आठ-दहा दिवस दवाखान्याजवळ राहावं लागेल, आणि आई आहेत. पण तुम्हाला यायचं असेल तर स्टेशनवर या. समोर या. रस्त्याच्या पलीकडे उभं राहायचं असेल तर घरीच थांबा.

जयश्री

—

नवागाम, सुरत
१ एप्रिल २०२४

जयश्री,

सरकारी मोठ्या हॉस्पिटलात जाऊन नाव लावलं. सर्जनना नाशिकचे रिपोर्ट मोबाईलवर दाखवले, ते आप्पांच्या शेजाऱ्याने पाठवले होते. १६ तारखेला भरती, १८ ला ऑपरेशन.

थेंबांचं वाचलं. मी तुला काही बोलू शकत नाही आणि बोलायचंही नाही. तू अमळनेरला नेलंस. मी असतो तर कदाचित मीठ-मोहरीची वाट बघितली असती. आईला मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून, काउंटरवरच्या बाईसकट. ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. आज सकाळी तिने चहा ठेवला आणि म्हणाली, "पोरले उचलशी तवय हात धुईसन उचलजो."

उधनाला प्लॅटफॉर्मवरच असेन.

ललित

—

नवागाम, सुरत
१२ मे २०२४

जयश्री,

तुम्ही परत गावी गेलात त्याला दहा दिवस झाले. इथं पत्र्याखाली ४२ डिग्री आहे, तू त्याला नेलंस ते बरोबर केलंस. तू घरी होतीस तेव्हा मी काही बोललो नाही. घरात सगळे होते, असं मी स्वतःला सांगत होतो. कोणी नसतं तरी बोललो नसतो. कागदावर मला जमतं.

ऑपरेशनच्या दिवशी बाहेर काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहितो. नर्सने फक्त तुला आत घेतलं, बापांना आत घेत नाहीत. मी आणि आप्पा बाकावर बसलो. बाजूला ओडिशाचं एक कुटुंब होतं, त्यांचंही पोर आत होतं. आप्पा गाडीतून उतरल्यापासून माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. दुपारी त्यांनी पिशवीतून भाकर काढली, मिरचीचा ठेचा काढला, अर्धी भाकर मोडून माझ्यासमोर धरली. मी घेतली. एक तुकडा मोडून तोंडात घातला.

मग ते म्हणाले, "तुम्ही वडिलांचं दोन वर्षं केलं, हे मला सोयरीक करतानाच कळलं होतं. म्हणून पोरगी दिली."

मी उरलेली भाकर कागदावर ठेवली.

"त्या दोन वर्षांत तुम्ही एवढे घाबरले असाल, हे मात्र मला कुणी सांगितलं नाही." एवढंच. नंतर ते उठून पाणी प्यायला गेले आणि खूप वेळ आलेच नाहीत.

संध्याकाळी सर्जन बाहेर आले. नळी जोडली, चांगलं झालं म्हणाले. तुला आठवतं, त्याच्या कमरेतून बारीक नळी बाहेर काढून पिशवी लावली होती? तू झोपायचीस तेव्हा मी त्या पिशवीकडे बघत बसायचो. आधी लालसर यायचं. मग पिवळं, मग पाण्यासारखं. माझ्या वडिलांची लघवी बंद झाली होती, त्यांच्या पलंगाखालची पिशवी रिकामीच असायची. या पोराची भरत होती. मी नर्सला बोलावून बोलावून दाखवायचो, ती शेवटी वैतागली.

नळी काढायच्या दिवशी डॉक्टर मला म्हणाले, हात धरा याचे. मी धरले. पहिल्यांदा. तो किंचाळला आणि माझा अंगठा त्याने पकडला, सोडेना. कोणाचा अंगठा आहे ते त्याला माहीत नव्हतं. मला कळेना सुटका करून घ्यावी का नाही.

तीन महिन्यांनी सोनोग्राफी आहे, म्हणजे जुलैत. तोपर्यंत काही लागलं तर सांग. आपलं घर कधी... हे मी खोडणार होतो, राहू दे.

ललित

—

पातोंडा
२३ जून २०२४

तुमचं पत्र आलं तेव्हा हेमराज पालथा पडायला शिकत होता. आता पडतो आणि परत सरळ होता येत नाही म्हणून चिडतो. टाक्याची रेघ बारीक झालीय. ताप नाही. धार सरळ येते, मी अजून बघते.

आप्पांचं वाचलं. त्यांना विचारलं तर म्हणाले, मी असं काही बोललोच नव्हतो. आणि गोठ्यात निघून गेले.

एक गोष्ट मी सोडून देणार होते. पण तुम्ही परत खोटं लिहिलंत, म्हणून सोडत नाही. बापांना आत घेत नाहीत असं तुम्ही लिहिलंय. मी पडद्याच्या आतच होते. त्याला ऑपरेशनचा झगा घातला होता, माझ्या कडेवर होता, उपाशी होता म्हणून माझी साडी चोखत होता. नर्सने पडद्यातून डोकं बाहेर काढून विचारलं, "हेमराज के पापा कौन? आके देख लो, ले जा रहे हैं." एकदा विचारलं, परत विचारलं. मी वाट बघत होते. तुमचा आवाज ओळखला मी. तुम्ही म्हणालात, "मैं इनके साथ हूँ."

इनके साथ. जसं कुणी शेजारी सोबतीला आलाय.

नर्स म्हणाली, पापा नहीं आए शायद, आणि त्याला माझ्याकडून घेतलं. मी एकटीने त्याला दिलं. मी तेव्हा रडले ते ऑपरेशनसाठी असं सगळ्यांना वाटलं.

तुम्हाला लाज वाटते हे मला कळतं. मलाही वाटते, थेंबांची, रोज. मी मेले तरी ती जाणार नाही असं वाटतं. पण मी ती त्याच्या अंगावर घालत नाही. तुमची लाज एवढी मोठी झालीय की तुम्ही तिच्यामागे लपता, आणि पोर समोर एकटं राहतं. पहिल्यांदा तुम्ही त्याला घाबरून नको म्हटलंत. मग शरमेने तीन वेळा नको म्हटलंत, तो जन्मला तेव्हा, रस्त्यापलीकडून, आणि पडद्याबाहेर. त्याला चारही सारखेच.

माफ केलं का, ते मला विचारू नका. मला माहीत नाही. आपण कधी एकत्र राहू तेही आत्ता सांगता येत नाही. पण जुलैत मी त्याला घेऊन येतेय, १७ तारखेला, सकाळच्या गाडीने. आप्पा येणार नाहीत, पेरण्या आहेत. दवाखान्यात तोच मजला, तोच पडदा, बहुतेक तीच नर्स. ती परत बाहेर येऊन विचारेल.

तेव्हा तुम्ही उठायचं, आणि 'मी' म्हणायचं. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मी त्याला घेऊन आत उभी असेन, आणि तुम्ही येईपर्यंत त्याला कुणाच्या हातात देणार नाही.

जयश्री